भाकरी रोजची, मग हॉब कुठला?

प्रश्न : ताई, नवीन फ्लॅटमध्ये किचन करून घेतोय. घरात रोज ज्वारीची भाकरी लागते, पाइप गॅस आलाय. फर्निचरवाला म्हणतो ओट्यात बसणारा काचेचा हॉब, म्हणजे गॅसची शेगडी घ्या, मुलगी म्हणते इंडक्शनच घ्या. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रोज भाकरी असेल तर गॅसच घ्या हो, कारण भाकरी शेवटी आचेवर टाकली की जी टम्म फुगते ते इंडक्शनवर होत नाही, आणि तिथं चुंबक चिकटेल अशाच बुडाची भांडी चालतात म्हणजे तुमची ॲल्युमिनियमची कढई, पितळी पातेली सगळी बाद. तरी मुलीचं अगदीच चूक नाहीये, दूध-चहा-कुकरला इंडक्शन फार सोयीचं, आच नाही त्यामुळे ओटा तापत नाही, म्हणून एक सुटं ठेवा पण २००० वॅटचं असेल तर १६ अँपिअरचा प्लग पॉइंट आत्ताच बसवून घ्या, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.

हॉब घेताना पितळी बर्नर बघा आणि आच विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असलेलाच घ्या, दूध उतू गेल्यावर तीच कामाला येते, यात पैसे वाचवू नका प्लीज. पाइप गॅसचं प्रेशर सिलेंडरपेक्षा कमी असतं त्यामुळे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, वेगळे लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच बसवा. आणि हॉब हातात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका, प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं.