पन्नास माणसांचे स्टेक-चीज स्लायडर्स: ओव्हनचा विचार सर्वात शेवटी करा

तुम्ही विचारलंय की घरी पन्नासेक माणसं जमणार आहेत, बाहेरच्या पद्धतीचे भाजलेले स्टेक-चीज स्लायडर्स (म्हणजे छोट्या पावात मांसाचे पातळ काप आणि चीज) करायचेत, तर पाव गिच्च न होता सगळ्यांना गरम कसे मिळतील. एका उत्तरात सल्ला दिलाय: ब्रिओश बन (अंडी-लोण्याचा गोडसर पाव) आणा, नुसतं मोझरेला घाला, एकेक भरा आणि वाढताना तव्यावर शेका. शब्दन् शब्द आमच्या मेहुण्याचा वाटतो. म्हणून लिहायला बसलो, एरवी मी इथं फक्त वाचतो.

आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं. आषाढातला शेवटचा रविवार म्हणजे गच्चीवर आखाड. भाऊबंद, बायकोच्या माहेरची मंडळी, चादरीच्या कारखान्यातले जुने सोबती, सगळ्यांची पोरंबाळं. जेवण ठरलेलं: काळ्या तिखटाचं मटण, कडक भाकरी, शेंगा चटणी, भात. एका वर्षी पोरांनी फोनवर लादीतून ओघळणारं चीज बघितलं आणि हट्ट धरला. मेहुणा पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. तो आदल्या रात्री ब्रिओशच्या पिशव्या घेऊनच उतरला. "दाजी, लादीपावात हे होत नाही. तो पाणी पितो. आणि मटणाचा स्टेक कुणी ऐकलाय?"

मी म्हटलं, बघू की बे.

आधी मांसाचं सांगतो, कारण लोक तिथंच फसतात. मूळ कृतीत रिबआय असतं, म्हणजे बीफ. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं कायद्यानं चालतं. तुमच्या घरात चालत असेल आणि अंडरकट (मऊ, बिनहाडाचा भाग) मिळालं तर काम सोपं आहे: फ्रीजरमध्ये कडक होईपर्यंत ठेवा, कच्चंच पातळ कापा आणि मोठ्या आचेवर झटपट परता. बोकडाचं नेमकं उलटं. त्यात चिवट धागा जास्त, झटपट परतलं तर चघळत बसाल. मांडीचं बोनलेस मोठ्या तुकड्यांत आणा, मीठ, आलं-लसूण आणि अगदी थोडं पाणी घालून कुकरला लावा. बोकड कोवळं असेल तर चार शिट्ट्या पुरतात. मऊ झालं पाहिजे, पण तुटता कामा नये. मग पूर्ण गार करा. गार मटण सुरीखाली नीट बसतं, आडव्या धाग्यानं पातळ काप निघतात. गरम असताना कापलंत तर खिमा होईल.

खाली राहिलेली अळणी, म्हणजे मटणाचं पाणी, ओतून टाकू नका. मिरपूड घालून पोरांना आणि म्हाताऱ्यांना आधीच वाटा, भूक जरा दमानं घेते.

आता पाण्याचा मुद्दा. पाव गिच्च होतो तो सारणातल्या पाण्यानं, पावाच्या जातीनं नाही. कांदा आणि ढोबळी मिरची वेगळी परता, कढईत पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग मटणाचे काप, मीठ, भरपूर मिरपूड, वाटल्यास थोडा वूस्टर सॉस. पुन्हा कोरडं करा आणि परातीत पसरून वाफ जाऊ द्या. गरम सारण पावात भरून वर झाकण घातलं की आतल्या आत वाफ धरते, मग ब्रिओश असो की सोन्याचा पाव असो. काळं तिखट घालू नका. मी सोलापूरचा असून सांगतोय. ते चीजवर चढून बसतं आणि मटणाची चव मधल्यामध्ये मरते.

लादीपावाचा खरा फायदा तो जोडलेला असतो हा. एकेक पाव वेगळा करायचाच नाही. आदल्या दिवशीची लादी घ्या, लांब दातेरी सुरीनं अख्खी आडवी कापा. खालचा थर एक, वरचा थर एक. खालच्याची कापलेली बाजू तव्यावर लोणी लावून शेकून घ्या, मग चीज, सारण, परत चीज आणि वरचा थर. खालचं चीज सारण आणि पाव यांच्यामध्ये अस्तर होतं, म्हणून ते वगळू नका. ब्रिओशमध्ये अंडी, लोणी, साखर. तो वरून लवकर काळा पडतो आणि वजनानं बसतो. चहाबरोबर छान लागतो, त्याबद्दल भांडण नाही.

चीजवरून तर आमचं तासभर चाललं होतं. मेहुण्याचं म्हणणं, प्रोव्होलोन हे इटालियन चीज मिळत नाही तर नुसतं मोझरेला, प्रोसेस्ड चीज म्हणजे अपमान. अरे, कुणाचा? फिलाडेल्फियात पॅट ऑलिव्हिएरी नावाच्या हॉटडॉगवाल्यानं १९३० च्या सुमारास या स्लायडर्सचं मूळ असलेलं स्टेक सँडविच सुरू केलं, तेव्हा त्यात चीजच नव्हतं. ते नंतर आलं. आणि आज त्याच गावात कितीतरी लोक डब्यातलं पातळ प्रोसेस्ड चीज मागून घालून घेतात. मोझरेलाला तार सुंदर येते, पण गार झालं की चिवट होतं, आणि पन्नास माणसांत शेवटच्याला ते गारच मिळतं. प्रोसेस्डला तार येत नाही, पण त्यातल्या क्षारांमुळं तूप सुटत नाही आणि ते बराच वेळ मऊ राहतं. दोन्ही किसून निम्मं-निम्मं घाला.

भाजण्याचं आता. ओटीजीत एका वेळी एक लादी मावते, शंभर पावांना रात्र सरेल, आणि पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आमच्या बाजूला दिवाळीला नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायची पद्धत आहे. मी तिथंच गेलो. बेकरीवाले चाचा म्हणाले, "मटण आहे? मग आजचा शेवटचा पाव निघू द्या, नंतर आणा. माझ्या नानकटाईला वास लागायला नको. आणि ट्रे तुमचे." रास्त होतं.

आणि तीच वेळ नेमकी बरोबर निघाली. लाकडाची भट्टी पावासाठी सणसणीत तापवलेली असते. पाव निघाल्यावर जाळ नसतो, पण विटा ताप धरून असतात आणि तो सावकाश उतरत जातो. चाचांनी मूठभर मैदा आत फेकला, तो किती वेळात तांबूस होतो ते बघितलं आणि म्हणाले, दहा मिनिटं थांबा. मग लांब दांड्याच्या लाकडी फळ्यानं ट्रे आत सरकवले. आधी फॉइल झाकून, चीज वितळेपर्यंत. मग फॉइल काढून, वरून लोणी-लसूण-मोहरी पेस्टचं मिश्रण लावून, रंग येईपर्यंत. सगळे ट्रे एकदम आत गेले आणि एकदम बाहेर आले. आम्ही ते जुन्या चादरींत गुंडाळून रिक्षातून घरी आणले. सोलापुरात दुसरं काही नसलं तरी चादर असते.

इकडं गच्चीवर मेहुणा तव्यावर एकेक ब्रिओश शेकत उभा. त्याचे पहिले काही खरंच झकास होते, मी स्वतः खाल्ले. पण त्याच्यापुढं रांग, वरून भुरभुर पाऊस, आणि तो प्रत्येक बन कौतुकानं उलटतोय. आमच्या चादरी उघडल्या तशी रांग मोडली. माझी सासूसुद्धा इकडं वळली, ते त्याला जास्त लागलं. तेव्हापासून दरवर्षी त्याचं पालुपद ठरलेलं, की दाजींनी भट्टीच्या जोरावर मारलं, पावाच्या नाही. बरं, भट्टीच्या जोरावर. गर्दीला वाढायचं तर मग दुसऱ्या कशाच्या जोरावर वाढतात? एका ताटाचं कौशल्य वेगळं आणि पंगतीचं वेगळं, हे हॉटेलात इतकी वर्षं काढून त्याला कळू नये याचं मला नवल वाटतं.

प्रमाण विचारलं नाहीत, तरी देतो. पन्नास माणसांना शंभर-एकशेदहा पाव, पाच किलो बोनलेस, दोन्ही मिळून सव्वादोन किलो चीज, अर्धा किलो लोणी. शिजून मटण साडेतीन किलोच्या आसपास उरतं, म्हणजे पावाला तीसेक ग्रॅम. कमी वाटेल, पण चीजबरोबर पुरतं. वर तीळ लावतात त्याऐवजी शेंगा चटणी भुरभुरवा, मात्र भाजून बाहेर काढल्यावर. आधी घातली तर करपून कडू होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. भट्टीवाल्याला मटण आहे हे लपवू नका. नाही म्हणाला तर वाद न घालता परत या, त्याचं गिऱ्हाईक शाकाहारीही असतं. भट्टी नाहीच मिळाली तर ओटीजीला १८० अंशांवर फॉइल झाकून पंधरा मिनिटं आणि उघडं पाच मिनिटं. लाद्या आधी भरून फ्रीजमध्ये ठेवा, जेवणारे बसतील तशा भाजा, आणि शेजारचे दोन ओटीजी मागून आणा. सारण गार करा म्हटलं म्हणजे दुपारभर ओट्यावर ठेवा असं नाही. आपल्या हवेत तासाभरात फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. शाकाहारी माणसं असतील तर त्यांचा ट्रे वेगळा, सुरीही वेगळी.

चिकननं करणार असाल तर कुकरला लावू नका, त्याचा भुगा होतो. पातळ काप कढईतच शिजतात. आणि पुण्याहून कोणी मदतीला आलंच असेल तर त्याला कांदा चिरायला बसवा. पाच किलो मटणाला दोन किलो कांदा लागतो, तेवढ्या वेळात तुमचं बाकीचं सगळं उरकतं.