एका रात्रीच्या मुक्कामासाठी लॅपटॉपची सॅक: तीस लिटर की चाळीस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी नाशिकच्या अंबडला, महिन्यातून दोन-तीन फेऱ्या पुण्याकडे, दर वेळी एक रात्र मुक्काम, लॅपटॉप १५.६ इंची, बजेट तीन हजारांपर्यंत. लॅपटॉप आणि कपडे एकाच सॅकमध्ये मावले पाहिजेत, तर तीस लिटरची घ्यावी की चाळीसची, आणि कुठल्या कंपनीची?

लिटर आणि कंपनी नंतर बघू. आधी घरातला वजनकाटा काढा.

मीही नाशिकलाच, सातपूरला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ग्राहक पुण्याजवळ चाकणला. तिकडे लाइनवर काही अडलं की ‘उद्या सकाळी माणूस पाठवा’ असा फोन येतो, आणि तो माणूस म्हणजे मी. आठ वर्षांत माझ्या तीन सॅक झाल्या. पहिली नोकरीत फुकट मिळाली होती, दुसरी हौसेने घेतली, तिसरी अक्कल आल्यावर.

दुसऱ्या सॅकने खांदा धरला तेव्हा एका रविवारी एकेक वस्तू काट्यावर ठेवली. लॅपटॉप १.९ किलो, चार्जर ३५० ग्रॅम. सेफ्टी शूज १.१ किलो. एक जोड कपडे आणि रात्रीचा ड्रेस मिळून १.१. पंचा, साबण, ब्रश, तेल वगैरे ४०० ग्रॅम. भरलेली बाटली ९००, डबा ६००. वही, पॉवर बँक, किल्ल्या, व्हर्नियर असं किडूकमिडूक ६००. बेरीज सात किलोला पन्नास ग्रॅम कमी. ती चाळीस लिटरची सॅक रिकामीच १.७ किलो होती. शाळेच्या दप्तराबद्दल सरकारचं २०२० चं धोरण आहे, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं म्हणून. माझं वजन ५६. मी साडेआठ किलोच्या वर घेऊन नाशिकच्या द्वारका चौकात बसमागे धावत होते, आणि घरी लेकीच्या दप्तरावरून शाळेशी वाद घालत होते.

म्हणून माझा एकच आग्रह: रिकाम्या सॅकचं वजन विचारा. आतल्या सामानातलं फारसं काही कमी करता येत नाही, सॅकचं मात्र निवडता येतं. एक किलोच्या आसपास असेल तर उत्तम, सव्वा किलोपर्यंत चालेल, त्यावर माझ्या दृष्टीने बाद. दुकानदाराला हे बहुधा माहीत नसतं. लेबलवर नसेल तर दोन सॅक दोन हातांत धरून बघा, फरक कळतो.

आता लिटर. एका रात्रीला २५ ते ३० पुरतात. कंपनीचा आकडा खरा वाटत नसेल तर टेप लावा: उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. ४८ गुणिले ३२ गुणिले १८ म्हणजे साडेसत्तावीस लिटर. सॅक गोलसर असल्याने प्रत्यक्षात याहून थोडं कमीच भरतं. चाळीस लिटरची घेतलीत तर मोकळी जागा दिसली की आपण काहीतरी कोंबतोच. शिवाय बसमध्ये ती मांडीवर मावत नाही आणि सीटखाली जात नाही. मग कंडक्टर ‘डिकीत टाका’ म्हणतो आणि लॅपटॉप दोनशे किलोमीटर कुणाच्या तरी कांद्याच्या पिशवीशेजारी जातो. (नाशिक-पुणे थेट रेल्वे होईल तेव्हा होईल, तोवर आपल्याला बसच.)

पहिल्या, फुकटच्या सॅकची गोष्ट सांगते, कारण त्यातून मी सगळ्यात महागडा धडा घेतला. लॅपटॉपचा कप्पा थेट सॅकच्या तळापर्यंत होता. दिसायला जाड, गुबगुबीत अस्तर, पण ते पुढे-मागेच. खाली नुसतं कापड. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेससाठी उभी होते, सॅक खांद्यावरून उतरवून फलाटावर ठेवली. आपटली नाही, ठेवलीच. दादरला उतरून ऑफिसात लॅपटॉप उघडला तर स्क्रीनच्या कोपऱ्यातून तडा. सॅक खाली ठेवताना सगळं वजन त्या एका कोपऱ्यावर येतं. चांगल्या सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन बोटं वर संपतो, लॅपटॉप अधांतरी राहतो. हे तपासायला एक हात कप्प्यात घाला, दुसरा बाहेरून सॅकच्या बुडाला लावा. दोन्ही हातांच्या बोटांना एकमेकांची चाहूल लागली तर ती सॅक परत ठेवा, मग ती कितीही सुंदर असो.

१५.६ हे माप पडद्याच्या कर्णाचं असतं, लॅपटॉपच्या अंगाचं नव्हे. एकाच इंचाचे दोन लॅपटॉप रुंदीला आणि जाडीला वेगवेगळे निघतात, गेमिंगचा असेल तर विचारूच नका. त्यामुळे लेबलवर विसंबू नका, आपला लॅपटॉप दुकानात न्या. आणि तो कप्पा बाहेरून, स्वतंत्र चेनने उघडणारा हवा. चाकणला बऱ्याच कारखान्यांत गेटवर लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेतात, आणि तो नंबर लॅपटॉपच्या पोटाखाली असतो. मागे दहा जण रांगेत उभे, आणि आपण रात्रीचा ड्रेस बाजूला सारून लॅपटॉप उपसतोय, हा प्रसंग एकदा घडला की मग कप्प्यांकडे माणूस नीट बघायला लागतो.

कपड्यांचा कप्पा सुटकेससारखा सपाट उघडणारा मिळाला तर घ्या. वरून तोंड असलेल्या सॅकमध्ये हवी ती वस्तू कायम तळाशी. कपडे बांधायला त्या परदेशी धर्तीच्या पिशव्या विकत घेऊ नका. घरात साडी कव्हर असतात ना, चेनवाली, पारदर्शक? एकात एक जोड बरोबर बसतो. येताना मळका जोड त्यातच.

बुटांसाठी वेगळा खालचा कप्पा असलेल्या सॅक हल्ली दिसतात. मला पटत नाहीत. तो कप्पा रिकामा असला तरी जागा खातोच, आणि जड बूट सगळ्यात खाली आणि पाठीपासून लांब गेले की सॅक मागे ओढते. मग आपण पुढे वाकून चालतो, आणि कंबर बोलायला लागते. जड वस्तू पाठीला जेवढी चिकटून, तेवढा खांद्यावर ताण कमी. मी बूट कापडी पिशवीत घालून, उभे, लॅपटॉपच्या कप्प्याला टेकवून ठेवते, कपडे बाहेरच्या अंगाला. तुम्हाला सेफ्टी शूज लागत नसतील तर हा परिच्छेद सोडून द्या, सुखी आहात.

पावसाबद्दल मात्र नीट वाचा. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे चालतील, एवढंच. कापडाला आतून लेप असतो, पण पाणी कापडातून कमी आणि शिलाईतून, चेनमधून जास्त येतं. म्हणून रेनकव्हर हवंच, सॅकबरोबर मिळालं तर बरं. पण रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. जुलैत चाकणच्या आंबेठाण चौकात रिक्षाची वाट बघत वीस मिनिटं उभी होते, कव्हर घातलेलं होतं, डोक्यावर छत्रीही होती. पाणी मानेवरून पाठ आणि सॅक यांच्या मधून ओघळत गेलं, आणि त्या बाजूला नेमका लॅपटॉपचाच कप्पा. लॅपटॉप वाचला, कारण तोही साडी कव्हरमध्ये होता. तेव्हापासून पावसाळ्यात तो नेहमी तसाच जातो. आणखी एक, ओली सॅक गुंडाळून कपाटात टाकू नका. दमट जागी काही वर्षांत आतला लेप चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे कपड्यांना लागतात.

कापडाच्या बाबतीत ‘डेनियर’ हा शब्द तुमच्यावर फेकला जाईल. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड, आणि साहजिकच सॅक जड. ६०० डेनियरचं पॉलिस्टर आपल्या कामाला भरपूर आहे. १६८० वाली दणकट असते, पण ते वजन तुमच्या खांद्यावर. आणि खरं सांगू का, माझ्या पाहण्यात सॅक कापड फाटून फारशा मरत नाहीत. चेन जाते नाहीतर पट्टा उसवतो.

पट्टा जिथे सॅकला जोडलाय तिथे वरून आणि खालून बघा. चौकोन आणि त्यात फुली, अशी शिलाई असेल तर पट्टा दम धरेल. नुसती एक सरळ ओळ असेल तर भरलेली सॅक एका खांद्यावर उचलायच्या सवयीने वर्षभरात टाके दिसायला लागतात. चेनवर नंबर असतो, पाच, आठ, दहा, म्हणजे बंद चेनच्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य कप्प्याला आठ तरी हवा, बाहेरच्या खिशांना पाच चालतो. रनरवर वायकेके लिहिलेलं असलं तर चांगलं (ही जपानी कंपनी १९३४ पासून चेनच्या धंद्यात आहे), पण नसलं म्हणून सॅक टाकाऊ होत नाही. भरलेल्या सॅकची चेन कोपऱ्यावरून एका हाताने फिरते का, एवढं बघा. आणि रनर गेला म्हणून नवी सॅक घेऊ नका. रस्त्याकडेला बसणारा चप्पल-बॅग दुरुस्तीवाला पाच मिनिटांत बदलून देतो. माझा एकदा पन्नास रुपयांत झाला.

यूएसबीचं भोक असलेल्या सॅकला जास्त पैसे मोजू नका. आत एक वायर असते, बस. पॉवर बँक आपलीच घालायची, आणि पाऊस आत शिरायला आणखी एक वाट. चोरखिसा मात्र उपयोगाचा. पाठीला टेकणाऱ्या बाजूला छोटासा खिसा असतो, त्यात पाकीट टाकलं की गर्दीत जिवाला घोर नाही. बाटलीचा खिसा बाहेर आणि खोल हवा. डबा सॅकमध्ये न्यायचाच असेल तर सुकी भाजी न्या. मी एकदा शेवभाजी नेली होती. त्या ऑडिट रिपोर्टच्या कोपऱ्यावरचा लाल डाग ग्राहकाच्या फायलीत अजून असेल.

तुमची उंची तुम्ही लिहिली नाहीत. मी पाच फूट एक इंच, त्यामुळे पन्नास सेंटिमीटर उंचीची सॅक माझ्या कमरेखाली लोंबते आणि चालताना धपाधप लागते. सॅकचं बूड कमरेपाशी संपलं पाहिजे. बायका वाचत असतील तर त्यांच्यासाठी: छातीवरचा आडवा पट्टा वर-खाली सरकणारा आहे ना, हे बघा. एका जागी शिवलेला असेल तर तो नेमका नको तिथे येतो आणि मग कुणी लावतच नाही.

कधी नाशिकजवळच्या ओझरहून विमानाने जायची वेळ आली तर हातातल्या सामानाला साधारण सात किलोची मर्यादा असते, म्हणजे वर दिलेल्या यादीतली बाटली आधी रिकामी करायची. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी, डिकीत जाणाऱ्या बॅगेत चालत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, शंभरपर्यंत परवानगी लागत नाही. वजन वाचवायला सेफ्टी शूज पायात घालून जाऊ नका. पुढच्या लोखंडी टोपीमुळे यंत्र वाजतं आणि मग भर रांगेत मोजे दाखवावे लागतात.

दोन किंवा जास्त रात्री असतील तर सॅकमध्ये सगळं कोंबण्यात शहाणपण नाही, छोटी ट्रॉली घ्या. त्यासाठी सॅकच्या पाठीवर आडवी पट्टी आहे का बघून ठेवा, ट्रॉलीच्या दांड्यात अडकवता येते.

कंपनीचं विचारलंत. दोन ते तीन हजारांत स्कायबॅग्ज, अमेरिकन टूरिस्टर, वाइल्डक्राफ्ट, सफारी, यांपैकी कुणाचीही घ्या, वर सांगितलेल्या परीक्षेत पास झाली की झालं. एकाच कंपनीची एक सॅक पास होते आणि शेजारची नापास. नावांचंही काही खरं नसतं. स्कायबॅग्ज आणि ॲरिस्टोक्रॅट दोन्ही व्हीआयपीचीच, अमेरिकन टूरिस्टर सॅमसोनाइटची. वॉरंटी काय काय झाकते ते कार्डावर वाचा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण कागदावरची शाई वॉरंटीच्या आधी उडते.

ऑनलाइन घेऊ नका असं नाही म्हणत, पण पहिली तरी दुकानात घ्या. एका पिशवीत लॅपटॉप, चार्जर, बूट, एक जोड कपडे, बाटली भरून न्या आणि तिथे सॅकमध्ये भरून बघा. दुकानातली प्रत्येक सॅक आत कागदाचे बोळे भरून टुमटुमीत उभी केलेली असते. आधी बोळे काढायला लावा, मग आपलं सामान घाला, पाठीला लावा, खुर्चीवर बसून मांडीवर घ्या. मी हे नाशिकच्या शालिमारला केलं तेव्हा दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच तीन सॅक रिकाम्या करून दिल्या. त्यानंतर बघितलेली चौथी घेतली, २,२०० ला, २८ लिटर, रिकामी ९५० ग्रॅम. आता चौथं वर्ष चालू आहे. फक्त शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, बूट बाहेर काढायलाही जागा मिळत नाही.