उपग्रहाच्या फोटोत शेतं लाल का?

प्रश्न : ताई, उपग्रहाने काढलेला एका नदीचा फोटो बघितला. त्यात शेतं लालभडक आणि नदी काळीकुट्ट! हे रंग मुद्दाम भरतात का? आणि शेतांमधून कमानीसारखे वाकडे पट्टे गेलेत, ते कसले?

उत्तर : रंग दिलेलेच असतात, पण मनाने भरलेले नसतात हं. हिरवं पान इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फेकतं, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण उपग्रहाच्या सेन्सरला दिसतो, मग स्क्रीनवर त्याला लाल रंग देतात. पाणी हा प्रकाश जवळपास सगळा शोषून घेतं म्हणून नदी काळी. पीक जोमात असलं की लाल गडद, सुकायला लागलं की लाली उतरते.

आता ते वाकडे पट्टे, आणि मला तर फोटोत सगळ्यात भारी तेच वाटतात, कारण ती नदीची जुनी जागा आहे! वळणावर नदी बाहेरचा काठ कापत जाते आणि आतल्या काठाला वाळू टाकत जाते, असं वर्षानुवर्षं चालतं आणि वाळूचे उंचवटे एकामागे एक उरतात, मधल्या खोलगट भागात बारीक गाळ बसतो. पुढे त्यावर शेती झाली, नांगर फिरला, जमिनीवर उभं राहून काहीच कळत नाही. पण वाळूत ओल टिकत नाही, गाळात टिकते, त्यामुळे एकाच शेतात एक पट्टा फिका नि शेजारचा गडद, आणि वरून बघितलं की अख्खं वळण उमटतं. वळण फारच आवळलं की नदी मधूनच सरळ वाट काढते आणि मागे घोड्याच्या नालेसारखं वाकडं, म्हणजे नालाकृती सरोवर राहतं.

फक्त एकच फोटो बघून थांबू नका. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून फोटो काढतायत, 2008 पासून ते सगळ्यांना फुकट मिळतात. पेरूमधल्या उकायाली नदीचे 1985 च्या आसपासचे आणि आत्ताचे फोटो शेजारी ठेवून बघा, वळणं सरकलेली स्पष्ट दिसतात. लँडसॅटच्या फोटोतला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर 30 मीटरचा, त्यामुळे छोटी शेतं एकमेकांत मिसळतात, त्यासाठी युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाचे फोटो घ्या, त्याचा 10 मीटरचा आहे. आणि ढग असले तर दोन्ही आंधळे, तेव्हा सेंटिनेल-1 या उपग्रहाचं रडार बघायचं, ते ढगांतून आरपार बघतं, पूर आलेला असताना शेतात कुठवर पाणी शिरलंय ते त्यातच कळतं.