वाचकांचे प्रश्न : जुन्या बोटीची डिझेल टाकी, काळा चिखल आणि सारखे जाम होणारे फिल्टर

प्रश्न : साहेब नमस्कार. हर्णैला आमची जुनी लाकडी ट्रॉलर आहे, सहा सिलिंडरचं इंजिन, डिझेलची लोखंडी टाकी बोट बांधली तेव्हाचीच. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात टाकली तेव्हापासून हैराण झालोय. बंदरात इंजिन मस्त चालतं, बाहेर लाटेला लागलो की रेस पडते आणि मग बंदच होतं. फिल्टर खोलला की काळा बुळबुळीत चिखल, नवीन टाकला की एक-दोन फेऱ्यांत परत तेच. एक मेकॅनिक म्हणतो पंप खोला, दुसरा म्हणतो टाकीत औषध टाका. काय करू?

उत्तर : नाखवा, इंजिनाच्या डिझेल पंपाला आत्ता हात लावू नका. बंदरात चालतं आणि लाटेला लागलं की बसतं, यातच सगळं आलं. टाकीच्या तळाला गाळ बसलाय, बोट हलली की तो उठतो आणि सक्शन पाइपात, म्हणजे टाकीतून इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या पाइपात जातो. पंप गेला असता तर जेटीलासुद्धा त्रास दिला असता.

हा चिखल म्हणजे नुसता गंज नाही, यात जीव आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, घनता साधारण ०.८२ ते ०.८५, त्यामुळे टाकीत आलेला पाण्याचा प्रत्येक थेंब खाली जाऊन बसतो, आणि पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागतात तिथे बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते. राहतात पाण्यात, खातात डिझेल. यातली एक बुरशी, हॉर्मोकोनिस रेझिनी, विमानाच्या इंधनाच्या टाक्यांतसुद्धा सापडते, म्हणजे हे फक्त आपल्या बंदराचं दुखणं नाही. हे जंतू आम्ल सोडतात आणि त्याने लोखंडाला आतून बारीक खड्डे पडतात, बाहेरून रंग मारलेली टाकी ठणठणीत दिसते आणि तळ मात्र चाळणी व्हायला आलेला असतो. म्हणून मी परत परत सांगतो, फिल्टर बदलत राहणं हा इलाज नाही. पाणी काढलं नाही आणि तळ खरवडला नाही तर बाकी सगळा खर्च वाया.

आधी खात्री करून घ्या. बोट रात्रभर शांत उभी राहू द्या, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी एका सरळ सळईला पारदर्शक नळी बांधा, नळीचं तोंड टाकीच्या अगदी तळाला टेकवा, टाकीतही जिकडे उतार असेल त्या कोपऱ्यात, आणि हातपंपाने काचेच्या बाटलीत थोडं डिझेल ओढा. बाटली उजेडात ठेवा आणि दोन-तीन तास हलवू नका. वर फिकट पिवळं स्वच्छ डिझेल, सगळ्यात खाली पाणी, आणि मध्ये सायीसारखा तपकिरी थर दिसला तर शंकाच नको. बाटली तिरकी करून बघा, तो थर फाटत नाही, काचेला चिकटून लोंबत राहतो. नुसता गंज असेल तर असं होत नाही, तो दाणेदार असतो आणि सरळ तळाला बसतो. पेट्रोल पंपवाले टाकीच्या काठीला जी पाणी ओळखायची पेस्ट लावतात ती मिळाली तर त्याच सळईला लावून बुडवा, जिथपर्यंत पाणी तिथपर्यंत रंग बदलतो.

आता साफसफाई. सगळं डिझेल स्वच्छ २०० लिटरच्या ड्रममध्ये काढा, आणि काढताना पाइप वरूनच लावायचा, तळाचं शेवटी आणि वेगळ्या ड्रममध्ये. एक-दोन दिवस ड्रम न हलवता ठेवले की वरचं बहुतेक डिझेल वापरण्यासारखं राहतं, ते आधी ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून पंपाने फिरवून घ्या. इंजेक्टर आणि पंपाच्या आतल्या फटी दोन-तीन मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे कपड्याने गाळून चालत नाही, एवढा बारीक कचरा कपड्यात अडत नाही. वास कुजका येत असेल किंवा रंग काळपट झाला असेल तर ते डिझेल इंजिनात घालायचा मोह करू नका. तळाचा गाळ आणि पाणी खाडीत ओतायचं नाही हे सांगायला लागू नये, पण जेटीवर रोज दिसतं म्हणून सांगतो. तीच खाडी, त्याच कोळंब्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले वापरलेलं तेल घेणारे लोक असतात, त्यांना द्या. मासळीच्या खणात तर एक थेंब जाऊ देऊ नका, बर्फाला वास लागला की व्यापारी अख्खा माल परत करतो.

टाकी रिकामी झाली की खरं काम सुरू होतं, आणि इथेच लोक घाई करतात. जुन्या टाक्यांना हात घालायचं झाकण नसतं, मग कोणीतरी ग्राइंडर किंवा गॅस कटर घेऊन येतो. कृपा करून हे करू देऊ नका. आपल्याकडच्या साध्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते, मानकाप्रमाणे कमीत कमी ३५ अंश सेल्सिअस एवढाच लागतो, आणि इंजिनच्या केबिनमध्ये तेवढी गरमी रोजचीच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, एक ठिणगी पुरते. टाकी बोटीतून सोडवून किनाऱ्यावर काढा, जो वर्कशॉपवाला आधी वाफेने धुऊन गॅस मीटर लावून बघतो त्याच्याकडेच द्या, कापणं वेल्डिंग नंतर. तेव्हाच वर एक चांगलं मोठं बोल्टचं झाकण करून घ्या, आत आडवे पडदे (डिझेल हिंदकळू नये म्हणून लावलेले पत्रे) असतील तर प्रत्येक कप्प्याला एक. टाकी मोठी असली तरी माणूस आत उतरवायचा नाही, आत ऑक्सिजन कमी असतो, खलाशी बेशुद्ध पडला तर काढणाराही त्याच्याच मागे जातो. बाहेरूनच लांब दांड्याचं खरवडणं लावा, कोपरे आणि पडद्यांच्या मागची बाजू विसरू नका कारण चिखल तिथेच टिकतो. नुसतं डिझेल पंपाने गोल फिरवून गाळणारे लोक टाकी साफ केली म्हणतात, पण चिकटलेला चिखल तसाच राहतो आणि पुढच्या वाऱ्यात सुटतो. पुसायला कॉटन वेस्ट नको, धागे सुटतात आणि तेच पुढे फिल्टरमध्ये, धागे न सुटणारं जुनं सुती धोतर बरं. शेवटी थोड्या स्वच्छ डिझेलने खंगाळून तेही काढून टाका.

मग टॉर्च मारून तळ नीट बघा. गंज पापुद्र्यासारखा सुटत असेल आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल तर डागडुजी करत बसू नका, टाकी नवीन करा. नवीन करताना जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, जस्त डिझेलमध्ये विरघळतं आणि इंजेक्टरवर बसतं.

टाकीतली सक्शन पाइप बाहेर काढून तिचं टोक बघा. जुन्या बोटींत तिथे बारीक जाळी असते, ती काळी होऊन बंद झालेली असते आणि बाहेरून दिसत नाही, त्यामुळे माणूस पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळं बदलतो आणि इंजिन तरी उपाशी. ती जाळी काढूनच टाका, गाळायचं काम बाहेरच्या फिल्टरचं, जो हाताला येतो. पाइपचं तोंड तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर राहील असं बघा. टाकी ते इंजिन सगळ्या लायनी फुंकून घ्या, आणि इंजिनाच्या फिल्टरच्या आधी खाली वाटी असलेला पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, जमलं तर दोन, मध्ये कॉक टाकून, म्हणजे भर समुद्रात एक जाम झाला तर कॉक फिरवून दुसऱ्यावर जाता येतं आणि इंजिन बंद करावं लागत नाही. खडकाजवळ असताना याची किंमत तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारा. सगळं जोडलं की डिझेलच्या लायनीत अडकलेली एअर नीट काढा. पहिल्या काही फेऱ्यांना जादा फिल्टर बोटीवर ठेवा, राहिलेला कचरा येणारच.

प्रश्न : टाकी न खोलता औषध टाकून भागणार नाही का? आमच्याकडे काही जण थोडं पेट्रोल किंवा स्पिरिट टाकतात. (रेवदंडा)

उत्तर : पेट्रोल अजिबात नाही, आगीचा धोका वाढतो आणि पंपाला मिळणारं वंगण कमी होतं. स्पिरिटने पाणी डिझेलमध्ये मिसळल्यासारखं होतं आणि फिल्टरला चुकवून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतं. कोणी ब्लिचिंग टाकायला सांगेल, त्याने लोखंड खाल्लं जातं. डिझेलसाठी बनवलेलं जंतुनाशक औषध काम करतं, पण ते जंतू मारतं, त्यांची मढी बाहेर काढत नाही. घाणेरड्या टाकीत टाकलं की मेलेला सगळा थर सुटून एकदम फिल्टरवर येतो. म्हणून आधी पाणी आणि चिखल काढा, मग डब्यावर लिहिलेल्या मापाने औषध, जास्त नाही. हातमोजे घालून हाताळा, कातडीला वाईट असतं.

प्रश्न : पावसाळ्यात बोट शाकारताना टाकी भरून ठेवावी की रिकामी? (मालवण)

उत्तर : १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, म्हणजे निदान ६१ दिवस डिझेल हलत नाही, आणि हवेत एवढा दमटपणा. अर्धी टाकी हे सगळ्यात वाईट. पैसे अडकवणं परवडत असेल आणि बोटीवर राखण असेल तर काठोकाठ भरा आणि औषध घाला. नसेल तर पूर्ण रिकामी करून तळ कोरडा पुसा, लोखंडी असेल तर आतून तेलाचा हात फिरवा आणि झाकण लावा. पण माझ्या मते लोक हवेतल्या दमटपणाला जेवढा दोष देतात त्यापेक्षा जास्त पाणी डेकवरच्या भरायच्या झाकणातून आणि हवेच्या पाइपातून येतं. झाकणाचं रबर दरवर्षी बदला, चार-पाच रुपयांची गोष्ट नाही पण टाकीपेक्षा स्वस्तच. हवेच्या पाइपाचं तोंड खाली वळवलेलं आणि डेकपासून चांगलं वर पाहिजे. डिझेल कॅनने आणत असाल तर कॅन उन्हापावसात उघड्या डेकवर ठेवू नका आणि भरताना पाणी अडवणारी जाळी असलेलं नरसाळं वापरा. हंगाम सुरू झाला की आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन चालू करायच्या आधी, फिल्टरच्या वाटीतलं आणि टाकीच्या ड्रेन कॉकमधलं पाणी सोडा, स्वच्छ डिझेल यायला लागेपर्यंत, आणि ते डब्यात धरा.