उन्हाळा काही अचानक येत नाही

प्रश्न : काकू, नमस्कार. वय २४. गाव काटोलजवळ, घरी संत्र्याची बाग आहे. मी नागपूरला मिहानमध्ये नोकरीला आहे आणि मनीषनगरला दोन मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. हातात २६,४०० पडतात. घरी ५,००० पाठवतो, भाड्याचा वाटा ५,५००, डबा ३,२००, पेट्रोल-मोबाइल २,५००, क्रेडिट कार्डाचे १,९००. उरलेले ८,३०० कुठे जातात ते कळत नाही. वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते. कार्डावर ३८,००० थकलेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, दर महिन्याला वेळेवर भरतो. अचानक खर्च येतात. एप्रिलमध्ये कूलर घ्यावा लागला, मग गाडीचा इन्शुरन्स, मग चुलतबहिणीचं लग्न. रूममेट म्हणतो, ५,००० ची एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम) सुरू कर म्हणजे सवय लागेल. करू का? कार्डाचं घरी माहीत नाही. स्टेटमेंटचा फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर : एसआयपी जरूर कर, पण आत्ता नाही. आधी कार्ड.

‘वेळेवर भरतो’ असं तू जरा ऐटीत लिहिलंस, म्हणून तिथूनच सुरू करते. तुझ्या स्टेटमेंटवर बारीक अक्षरात व्याज महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय. वर्षाला नाही बापा, महिन्याला. ३८,००० चं झालं १,३३०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३९. तू भरतोस १,९००. म्हणजे मुद्दलातून गेले जेमतेम ३३१ रुपये. एका रात्री जेवण मागवलंस की तेवढे पुन्हा कार्डावर चढतात. त्यातही गंमत अशी की मागचं पूर्ण फेडलं नसलं की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी लागत नाही आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. त्याचा उपयोग एवढाच.

आता रूममेटच्या सल्ल्याकडे बघ. शेअर बाजाराने वर्षाला १२ टक्के दिले, तर लोक पेढे वाटतात. तुझं कार्ड जीएसटी धरून महिन्याला चार टक्क्यांच्या वर खातंय. एका हाताने एसआयपी भरायची आणि दुसऱ्या हाताने हे व्याज, असं करणारी पोरं मी बघितलीत. मोबाइलवर फंडाचा हिरवा आकडा बघून खूश असतात.

तर कार्ड पाकिटातून काढ, खरेदीच्या ॲपांमध्ये सेव्ह केलेलं असेल तिथूनही काढ. ८,३०० मधले ५,००० आणि आत्ताचे १,९०० असे ६,९०० दर महिन्याला भर. मी कागदावर मांडून बघितलं, नवीन काही घेतलं नाहीस तर सातव्या महिन्यात कार्ड कोरं होतं. त्याआधी बँकेला फोन करून विचार, थकबाकीचे हप्ते पाडून देता का. बरेचदा व्याज कमी लावतात. पण दर किती आणि प्रोसेसिंग फी किती, हे ईमेलवर मागून घे. फोनवरच्या गोड आवाजावर ‘हो’ म्हणू नको. आणि हे फेडायला दुसऱ्या कुठल्या झटपट कर्जाच्या ॲपकडे तर मुळीच जाऊ नको.

तुझ्या पत्रात मला खटकला तो ‘अचानक’ हा शब्द. अरे, नागपुरात उन्हाळा अचानक येतो का? एप्रिल-मेमध्ये इथे ४३-४४ अंश होणार, खस बदलावी लागणार, कूलर दिवस-रात्र चालला की मेचं लाइट बिल फुगणार, हे सीताबर्डीवर रुमाल विकणाऱ्यालाही माहीत आहे. गाडीच्या इन्शुरन्सची तारीख तर पॉलिसीवर छापलेली असते. लग्नाची पत्रिका हातात पडायच्या चार महिने आधी बोलणी झालेली असतात. यातलं खरोखर अचानक म्हणजे आजारपण, अपघात, नोकरी जाणं. बाकी सगळं कॅलेंडरवर आहे. एका रविवारी बसून वर्षाची यादी कर : इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, मेचं बिल, दिवाळी, आहेर. तुझ्यासारख्याची बेरीज १२,००० च्या आसपास जाते. महिन्याला १,००० वेगळे काढलेस की एप्रिलमध्ये कार्ड बाहेर काढायची वेळ येणार नाही.

हे तुझ्या वडिलांना नव्याने सांगावं लागणार नाही. आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा झाला, इसार आला, माल उतरला की हिशेब झाला. त्या पैशात खत, फवारणी, मजुरी, तुमच्या फिया आणि पुढचा बहार येईपर्यंतचं घर. वर्षातून एक-दोनदाच पैसा दिसतो, म्हणून ते आधी वाटण्या करतात. तुला दर महिन्याला दिसतो, म्हणून तू करत नाहीस. त्यांना कार्डाचं सांग. रागावतील, एक दिवस जेवणार नाहीत कदाचित. घरचे ५,००० बंद कर असं मी म्हणत नाही, पण सात महिने त्यातले हजार कमी पाठवले तर त्यांना कारण माहीत असू दे.

आता सवयीचं. मी आयुष्यभर एजंट म्हणून पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दर महिन्याच्या ठेवीचे, पैसे गोळा करत महाल, इतवारी पायाखाली घातली. (एजंटचं कमिशन सरकार देतं, गिऱ्हाइकाच्या पैशातून जात नाही. हे अजूनही लोक विचारतात म्हणून सांगितलं.) पोस्टाचा नियम असा की खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर दर महिन्याला १५ पर्यंत भरायचं, १६ पासून पुढे उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. मी नव्या नोकरदाराचं खातं हट्टाने पहिल्या पंधरवड्यात उघडायची. काहून, तर पंचवीस तारखेला दार वाजवलं की कडी काढायलाच वेळ लागायचा. आतून आवाज यायचा, ‘ह्या महिन्यात जरा...’ हप्ता चुकला की शंभराला रुपया दंड. आणि पगार कितीही असो, पंचवीस तारखेला सगळे सारखेच. पाच तारखेला मात्र तीच माणसं हसतमुखाने चहा पाजून पैसे द्यायची.

म्हणून तू स्वतःच्या मनावर काही सोपवू नको. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं असेल ना पडलेलं? ते चालू करून घे, केवायसी मागतील. यूपीआय त्याला जोड आणि पगाराच्या खात्यावरून काढून टाक. पगार झाला त्याच दिवशी घरचे, भाड्याचे, डब्याचे आणि कार्डाचे जाऊ दे, यादीतले १,००० पगाराच्या खात्यातच राहू दे, आणि उरलेले २,३०० व पेट्रोल-मोबाइलचे २,५०० एवढेच या दुसऱ्या खात्यात टाक. स्कॅन करशील ते त्यातूनच. संपले की संपले. २,३०० मध्ये तर्री पोहे होतात, फुटाळ्यावर चक्कर होते, रोज रात्री ॲपवरून मागवणं होत नाही. चहा सोड, असं मी कोणाला सांगत नाही. चहाने कोणी बुडालेलं मी बघितलं नाही.

कार्ड फिटलं की त्या ६,९०० ना सुट्टी देऊ नको. आधी तीन महिन्यांच्या खर्चाइतके आरडीत किंवा एफडीत साठव, मग रूममेटला विचारून एसआयपी कर.

प्रश्न : मी सदरमधल्या एका शोरूममध्ये आहे, पगार १९,०००. आम्ही बारा जणी महिन्याला २,००० ची भिशी लावतो. आई म्हणते भिशी मोड, बँकेत टाक. कोणाचं ऐकू?

उत्तर : चालू भिशी मध्येच मोडू नकोस, बाकीच्या अकरा जणी अडचणीत येतील. भिशीत व्याज नाही. ज्या बाईची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते तिला बिनव्याजी उसने मिळतात, शेवटचीला तिचेच २४,००० परत मिळतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, भिशीला फक्त एकमेकींचा शब्द. शब्द पक्का असेल तर चालतं. बोलीची भिशी असेल, म्हणजे जी आपल्या रकमेतून जास्त सोडेल तिला आधी, तर मात्र पुढच्या वर्षी आईचं ऐक. एक जरूर बघ, तुझ्या पगारपत्रकावर प्रोफेशन टॅक्सचे २०० कापले जातात का? एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. कापत असतील तर पत्रक घेऊन अकाउंटंटकडे जा. वर्षाचे अडीच हजार होतात, भिशीच्या एका हप्त्याहून जास्त.

प्रश्न : नोकरी बदलतोय. पीएफचे ४१,००० काढून बाइकचं डाउन पेमेंट करू?

उत्तर : नको. तुझा पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, नव्या कंपनीला तो दे आणि जुनी रक्कम ट्रान्सफर झाली का ते ईपीएफओच्या पोर्टलवर बघ. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, बाइकच्या कर्जावर तू त्याहून जास्त मोजशील हे खरं. तर मग बाइक सहा महिन्यांनी घे. तोपर्यंत खापरीपर्यंत मेट्रो आहेच.