सॅस (डेटा-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एखादी विक्री 1 लाखावर गेली, तर फ्लॅग 'वाय' व्हावा, नाहीतर 'एन'. डेटा स्टेपमध्ये (एकेक नोंद वाचून काम करणाऱ्या भागात) असं लिहिलंय : इफ रक्कम > 100000 देन डू; %लेट फ्लॅग=वाय; एंड; एल्स डू; %लेट फ्लॅग=एन; एंड; डेटा कुठलाही द्या, फ्लॅग एनच. लॉगमध्ये एररही नाही.

उत्तर : एरर येणार नाही, कारण सॅसच्या लेखी काही चुकलेलंच नाही. %लेट (मॅक्रो व्हेरिएबलला किंमत देणारी आज्ञा) हे काम मॅक्रो प्रोसेसरचं, म्हणजे स्टेप चालण्याआधी तिचा मजकूर तयार करणाऱ्या भागाचं. स्टेप कंपाइल होतानाच, एकही नोंद वाचण्याआधी, दोन्ही %लेट पाठोपाठ चालून जातात. शेवटी एन आहे, म्हणून एन. इफ-एल्सला उरतात त्या रिकाम्या डू-एंड जोड्या. खात्री हवी असेल तर दोन्ही %लेटची अदलाबदल करा. मग कायम वाय येईल.

डेटा बघून ठरवायचं तर कॉल सिमपुटएक्स हवा, तो स्टेप चालू असताना मॅक्रो व्हेरिएबलला किंमत देतो. पण तुमच्या एल्ससकट तो घातलात, तर दर नोंदीला किंमत बदलेल आणि हाती फक्त शेवटच्या नोंदीचा निकाल राहील. म्हणून एल्स काढूनच टाका. स्टेपच्या आधी %लेट फ्लॅग=एन; आणि आत :

इफ रक्कम > 100000 देन डू;
कॉल सिमपुटएक्स('फ्लॅग','वाय'); स्टॉप;
एंड;

(छपाईसाठी देवनागरी, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा.) आधीचं %लेट विसरू नका. डेटासेट रिकामा असला की स्टेप 'सेट'पाशीच (डेटासेट वाचणाऱ्या ओळीपाशीच) थांबते, पुढचं काहीच चालत नाही, आणि त्याच सेशनमधल्या मागच्या रनचा वाय तसाच पडून राहतो. असा शिळा फ्लॅग पकडणं फार कटकटीचं.

&फ्लॅग वापरायचा तो रन; नंतर. त्याच स्टेपमध्ये ताजी किंमत हवी असेल तर सिमगेट('फ्लॅग'). सगळं मॅक्रोच्या आत असेल आणि फ्लॅग बाहेर लागणार असेल, तर सुरुवातीला %ग्लोबल फ्लॅग; लिहा.

प्रश्न : &दर 10.25 आहे, तरी %इफ &दर > 9.5 खोटं ठरतं. का?

उत्तर : %इफच्या मागे %इव्हॅल (तुलना करणारं मॅक्रो फंक्शन) असतं आणि त्याला फक्त पूर्णांक कळतात. दशांश चिन्ह दिसलं की तुलना अक्षरांची होते. 1 हे 9 च्या आधी, म्हणून खोटं. %इफ %सिसइव्हॅलएफ(&दर > 9.5) लिहा. शहराच्या नावाची तुलना करताना अवतरणचिन्हं घालू नका, तीही मजकुरात धरली जातात. मॅक्रोबाहेर %इफ सॅसच्या 9.4 एम5 आवृत्तीपासून चालतं. मात्र %डू-%एंड सक्तीचं, आणि एका %इफमध्ये दुसरं नको.