रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक) सुरू करायचाय, नळाचं पाणी चालेल का?

नळाचं पाणी टाळाच. क्लोरीन काढता येतं हो, पण तांब्याचा अंश राहिला तर कोळंबी-गोगलगायी मरतात आणि सिलिकेटमुळे वाळूवर तपकिरी शेवाळ चढतं. आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांमधून) गेलेलं, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर) 0 दाखवणारं पाणी घ्या. पिण्याच्या आरओवर विसंबू नका. त्यात बऱ्याचदा खनिजं परत मिसळलेली असतात.

वेगळ्या बादलीत पंप चालू ठेवून लिटरला साधारण 35 ग्रॅम रीफ सॉल्ट (रीफ टँकसाठीचं खास मीठ) थोडं थोडं सोडा. आधी मीठ आणि वरून पाणी, असं उलटं केलंत तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. सॅलिनिटी म्हणजे खारटपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) हवी, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, बघा. पुढे वाफ होऊन घटलेलं पाणी मात्र बिनमिठाच्या आरओ-डीआयनेच भरायचं, कारण मीठ उडून जात नाही.